बर्फावर रिसेप्टर थांबतो का? ट्रान्सफेरिनचा प्रयोग, ४ अंश आणि ३७ अंश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेवर, वाढवल्या, सहा वेलच्या प्लेटमध्ये बर्फावर ठेवून २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली फ्लुओरेसंट ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन, पेशी ते पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने पकडून आत घेते) अर्धा तास दिलं, धुतलं आणि प्लेट ५ मिनिटांसाठी ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. बर्फावरच्या कंट्रोलमध्ये काहीच आत जायला नको होतं, तर तिथेही ठिपके दिसतात. पाच मिनिटांच्या नमुन्यात सगळं केंद्रकाजवळ गोळा व्हायला हवं होतं, तर ठिपके कडेलाच रेंगाळलेत. सरांचं म्हणणं, ४ अंशांला पेशीचं पटल गोठतं, म्हणून रिसेप्टर हलूच शकत नाही. मग हे ठिपके आले कुठून? शेवटी तुम्ही विचारलंय की बर्फावरचा वेळ दोन तासांपर्यंत वाढवला तर चालेल का.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, आणि तो फार पसरलेला आहे: थंडी हे एकच बटण आहे, दाबलं की सगळं बंद. प्रत्यक्षात लिगँडचं (रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूचं, इथे ट्रान्सफेरिनचं) चिकटणं, रिसेप्टरचं पटलात सरकणं, पटल आत वळून पुटिका तुटणं, आणि आत गेलेल्या मालाची पुढची वाटणी या चार वेगळ्या क्रिया आहेत. तापमान उतरवत नेलं की त्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मंदावतात. तुमचे दोन्ही निकाल त्यातूनच समजतात. तुमच्या पेशी ठीक आहेत, ट्रान्सफेरिनही बहुधा ठीक आहे.

आधी ‘पटल गोठतं’ या वाक्याबद्दल. एकाच जातीच्या लिपिडचं कृत्रिम पटल घेतलं तर ते खरोखर एका ठराविक तापमानाला गोठतं. दोन्ही शेपट्या संतृप्त असलेलं डीपीपीसी ४१ अंशांला वितळतं. दोन्ही शेपट्यांत एकेक दुहेरी बंध असलेलं डीओपीसी शून्याच्या बऱ्याच खाली, उणे १७ अंशांच्या आसपास. हेला पेशीच्या पटलात मात्र शेकडो प्रकारची लिपिडं असतात आणि साधारण तिसरा हिस्सा कोलेस्टेरॉल असतं. कोलेस्टेरॉल हे संक्रमण पसरट करून टाकतं, त्यामुळे अमुक अंशाला सगळं पटल गच्च झालं असं होत नाही. ते घट्ट होतं, त्यात जास्त सुव्यवस्थित आणि कमी सुव्यवस्थित असे भाग वेगळे व्हायला लागतात (पेशींपासून सोडवलेल्या पटलाच्या मोठ्या फुग्यांत हे सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं), पण द्रवच राहतं. म्हणून ४ अंशांला ट्रायटन या डिटर्जंटमध्ये न विरघळणारा भाग म्हणजे जिवंत पेशीतले ‘राफ्ट’ (पटलातले सुव्यवस्थित तुकडे) असं मानू नये. ती व्यवस्था काही अंशी थंडीनेच घडवलेली असते.

रिसेप्टरच्या हालचालीचा अंदाज आकड्यांत घेऊन बघा. पटलातल्या एका रिसेप्टरचा प्रसरणांक ३७ अंशांला ०.०५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरू, प्रथिनांसाठी ०.०१ ते ०.१ ही नेहमीची पट्टी आहे. दर १० अंशांना वेग दीडपट कमी होतो असं धरलं, तर ३३ अंशांच्या उतारावर तो साधारण चौपट कमी होईल, म्हणजे ०.०१२. पटल सपाट आहे म्हणून सरासरी वर्ग-विस्थापन चार गुणिले प्रसरणांक गुणिले वेळ. एका मिनिटाला ते ३ चौरस मायक्रोमीटर येतं, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमीटर अंतर. पटलाखालच्या अ‍ॅक्टिनची कुंपणं असतात, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी निघेल. तरी मुद्दा कळतो: बर्फावरही रिसेप्टर शेजारच्या पिटपर्यंत (पटल जिथून आत वळतं त्या खळग्यापर्यंत) चालत जाऊ शकतो. थंडीत जे खरंच अडतं ते लांब पल्ल्याचं मिसळणं. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडून दाखवलं की ३७ अंशांला दोन्हींचे पृष्ठभागावरचे अँटिजन ४० मिनिटांत एकमेकांत मिसळतात, आणि १५ अंशांखाली फारसे मिसळत नाहीत. अभ्यासक्रमात हा प्रयोग ‘थंडीत सगळं थांबतं’ एवढ्यावरच उरतो. त्याचा खरा अर्थ संपूर्ण पेशीभर पसरण्यापुरता आहे.

याच कारणामुळे, रिसेप्टरला लेबल लावायला पूर्ण अँटीबॉडी वापरत असाल तर बर्फावरही सावध राहा. अँटीबॉडीला दोन हात असतात, ती दोन रिसेप्टर जोडते. वर सेकंडरी अँटीबॉडी लावली की पुंजके होतात, आणि ते ४ अंशांलाही होतात. पेशीच्या एका टोकाला जाऊन टोपी बनण्यासाठी ऊष्णता आणि ऊर्जा लागते, पण नुसत्या पुंजक्यांना लागत नाही. शक्य असेल तिथे फॅब, म्हणजे अँटीबॉडीचा एकाच हाताचा तुकडा, वापरावा. ट्रान्सफेरिनला ही अडचण नाही.

आता आत शिरण्याकडे येऊ. इथे थंडी कठोर का होते? कारण ही एका पायरीची गोष्ट नाही. अडॅप्टर प्रथिनं जमतात, क्लॅथ्रिनची जाळी विणली जाते, पटल वाकवावं लागतं, डायनामिन मानेभोवती गुंडाळी करून जीटीपी खर्चतं, मग मान तुटते, मग जाळी उकलायला एटीपी लागतं. प्रत्येक पायरी थोडी थोडी मंदावली की एकूण परिणाम मोठा होतो. दर १० अंशांना तिप्पट घट एवढाच साधा हिशेब केला तरी ३७ वरून ४ वर येईपर्यंत वेग ३७ पट पडतो. हेला पेशीत पृष्ठभागावरचं ट्रान्सफेरिन ३७ अंशांला साधारण ३ ते ५ मिनिटांत निम्मं आत जातं. त्याला ३७ ने गुणा, दोन ते तीन तास येतात. प्रत्यक्षात १० अंशांखाली घसरण या हिशेबापेक्षाही तीव्र असते, म्हणून अर्ध्या तासात आत गेलेलं प्रमाण नगण्य मानता येतं. अट एकच: पेशी खरोखर ४ अंशांवर हव्यात.

तुमचा पहिला दोष बहुधा इथेच आहे. सहा वेलच्या प्लेटच्या तळाला कडेने उंच कंगोरा असतो. प्लेट बर्फाच्या चुऱ्यावर ठेवली की वेलचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते, आणि हवा उष्णता फार हळू वाहून नेते. वर २ मिली कोमट मीडियम असेल तर ते निवायला कितीतरी मिनिटं जातात, आणि त्या वेळात पेशी आपलं काम करत राहते. बर्फावर ठेवलं म्हणजे ४ अंश झाले असं गृहीत धरू नका. एका रिकाम्या वेलमध्ये तेवढंच मीडियम घ्या, बारीक तारेचा थर्मोकपल द्रवात बुडवा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. हे एकदा करून ठेवलं की पुढचे सगळे प्रयोग सुधारतात.

मी प्लेट बर्फावर ठेवतच नाही. उथळ ट्रेमध्ये बर्फ आणि पाणी यांचा लगदा, त्यात अर्धवट बुडालेली जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, तिच्यावर पॅराफिल्म, आणि पॅराफिल्मवर थेंब. कव्हरस्लिप पेशींची बाजू खाली करून त्या थेंबावर उलटी ठेवायची. नुसत्या बर्फाच्या चुऱ्यात हवा असते, लगद्यात पाणी असतं आणि ते धातूला सगळीकडून भिडतं, म्हणून लगदाच हवा. १२ मिमीच्या काचेला ५० मायक्रोलिटरचा थेंब पुरतो, त्यामुळे महागडं ट्रान्सफेरिनही वाचतं. प्रकाशापासून वाचवायला आणि थेंब सुकू नये म्हणून ओल्या टिश्यूसह झाकण घाला.

पण पहिल्या निकालाला दुसरंही एक कारण असू शकतं आणि ते दोष नाही. ट्रान्सफेरिनचा रिसेप्टर लिगँड नसतानाही क्लॅथ्रिन पिटमध्ये जमा होत असतो. पिटचा व्यास १००-१५० नॅनोमीटर, आणि प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० ते २५० च्या आसपास. म्हणजे पूर्णपणे पृष्ठभागावर असलेलं ट्रान्सफेरिनही ठिपक्यांच्या रूपातच दिसणार. हेला पेशीच्या कडेचा भाग जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जाड असतो. कॉन्फोकलचं उभ्या दिशेचं विभेदन अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा वाईट असल्याने तिथे ‘वरचं पटल’, ‘आतलं’ आणि ‘खालचं पटल’ हे तिन्ही एकाच चित्रात येतात. ठिपका म्हणजे आत गेलेला माल, हे समीकरण सोडून द्या. ठिपक्यांवरून निर्णय होत नाही. पृष्ठभागावरचं काढून टाकल्यावर काय उरतं त्यावरून होतो.

पृष्ठभागावरचं काढायला आम्लाचा वॉश देतात, आणि ट्रान्सफेरिनच्या बाबतीत इथेच अनेक जण फसतात. ईजीएफसारख्या (पेशीवाढीचा संकेत देणारं प्रथिन) लिगँडला बर्फावर ५ मिनिटं ०.२ मोलर अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.५ मोलर मीठ, पीएच २.८ च्या आसपास, एवढं दिलं की ते सुटतं. ट्रान्सफेरिनची रसायनं उलटी आहेत. एंडोसोममध्ये (आत घेतलेला माल जिथे पोहोचतो त्या पिशवीत) पीएच ५.५ पर्यंत उतरतो तेव्हा त्यातलं लोह सुटतं, पण लोहाविना उरलेलं ट्रान्सफेरिन त्या आम्ल पीएचला रिसेप्टरला घट्ट धरून राहतं. पेशीबाहेर येऊन पीएच ७.४ झाला की मगच ते सुटतं. पेशीची ही सोयच आहे, त्यामुळे तर ट्रान्सफेरिन पचून न जाता परत बाहेर येतं. मग तुम्ही सौम्य आम्लात धुतलंत आणि तिथेच फिक्स केलंत तर पृष्ठभागावरचं जसंच्या तसं राहणार.

म्हणून दोन टप्पे करा, दोन्ही बर्फावर. आधी पीएच ५.० चा बफर: ५० मिलिमोलर एमईएस, १५० मिलिमोलर मीठ, आणि त्यात ५० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामाइन, ५ मिनिटं. हे तेच औषध, थॅलेसेमियाच्या रुग्णांना अंगात साठलेलं लोह काढायला देतात. इथेही काम तेच, सुटलेलं लोह धरून ठेवायचं, नाहीतर ते ट्रान्सफेरिनमध्ये परत बसतं. मग पीएच ७.४ चा थंड बफर, त्यातही डेफेरॉक्सामाइन, ५ मिनिटं. ही जोडी पुन्हा एकदा. बर्फावर राहिलेल्या, अजिबात ऊब न दिलेल्या पेशींवर हे करून बघा. ठिपके जवळपास नाहीसे झाले तर ते पिट होते आणि तुमचा कंट्रोल बरोबर होता. राहिले तर थंड होण्याआधी किंवा धुताना गळती झाली आहे. हा एक नमुना तुमच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावेल, बाकी काही करण्याआधी तोच करा.

धुण्याबद्दल एवढंच: प्रत्येक वॉश बर्फावर ठेवलेल्या बाटलीतून. एक वॉश जरी टेबलावरच्या पीबीएसने झाला तरी काचेवरच्या पातळ थराचं तापमान काही सेकंदांत वर जातं. आणि ‘रूम टेंपरेचर’ या शब्दावर विसंबू नका. छापील कृतीत त्याचा अर्थ २० ते २५ अंश असतो. एसी बंद असलेल्या नागपूरच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात तोच ३५ च्या वर जातो, आणि ते अपटेकसाठी, म्हणजे पेशीने माल आत घेण्यासाठी, जवळजवळ पूर्ण वेगाचं तापमान आहे.

बफरचाही विचार हवा, कारण तापमान बदललं की पीएच बदलतो. ट्रिसचा पीएच प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०२८ ने सरकतो: २५ अंशांला ७.४ लावलेलं ट्रिस ४ अंशांला ८ च्या आसपास जातं. हेपेस त्याच्या निम्म्यानेच सरकतं. बायकार्बोनेटवर चालणारं साधं डीएमईएम मीडियम इनक्युबेटरबाहेर, कार्बन डायऑक्साइड नसताना, काही मिनिटांत जांभळट व्हायला लागतं. म्हणून सगळ्या पायऱ्यांना सिरमविरहित मीडियम, २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, आणि ०.१ टक्का बीएसए. पीएच ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला लावा. पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं घ्या, नाहीतर थंडीत आधीच सैल झालेल्या पेशी वॉशसोबत निघून जातात.

आता तुमचा दुसरा निकाल, पाच मिनिटांचा. इनक्युबेटर म्हणजे गरम हवेचं कपाट. बर्फावरून आलेली प्लास्टिकची प्लेट, तिच्यात २ मिली थंड द्रव, खाली जाळीचा शेल्फ: ती ३७ वर यायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि पाचव्या मिनिटाला पेशी बहुधा अजून विशीत किंवा त्याच्याही खाली असतात. तुम्ही कागदावर लिहिलंय ‘३७ अंश, ५ मिनिटं’. पेशीने अनुभवलंय ४ पासून वर सरकत जाणारं काहीतरी. पुन्हा थर्मोकपल, पुन्हा दर मिनिटाला आकडा.

यावर सर्वात सोपा उपाय म्हणजे प्लेट हलवण्याऐवजी काच हलवणं. बारा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी २ मिली मीडियम घालून ती ३७ च्या वॉटर बाथमध्ये, तळ पाण्याला टेकेल अशी, आधी अर्धा तास ठेवा. द्रवाचं तापमान मोजून ३७ आहे याची खात्री करा. मग बर्फावरची कव्हरस्लिप चिमट्याने उचला, कड टिश्यूला टेकवून थेंब काढा, आणि त्या द्रवात सोडा. १२ मिमीच्या काचेचं वस्तुमान २ मिली द्रवाच्या मानाने नगण्य आहे, ती काही सेकंदांत ३७ वर येते. तेव्हापासून घड्याळ लावा. थांबवताना उलट: काच उचला आणि बर्फात ठेवलेल्या मोठ्या बीकरमधल्या थंड पीबीएसमध्ये बुडवा. अशा पद्धतीने दोन मिनिटांचा बिंदूही विश्वासाने घेता येतो.

या गरम मीडियममध्ये १०० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली साधं, रंग न लावलेलं, लोहभरलं ट्रान्सफेरिन घाला. पृष्ठभागावर परत आलेला रिसेप्टर सुटलेलं रंगीत ट्रान्सफेरिन पुन्हा पकडू नये म्हणून ते लागतं. दहा-पंधरा मिनिटांत रिसेप्टरची एक फेरी पूर्ण होऊन तो परत बाहेर येतो, त्यामुळे पंधरा मिनिटांनंतर आतली चमक कमी होताना दिसली तर घाबरू नका, ते रिसायकलिंग आहे. एक गोष्ट इथे विसरतात: हेला पेशीत ट्रान्सफेरिन रिसेप्टरचा मोठा वाटा कायम आतच असतो, पृष्ठभागावर साधारण चौथा ते तिसरा हिस्सा. बर्फावर लेबल लावलं की तेवढाच हिस्सा रंगतो. म्हणून सलग ३७ ला ट्रान्सफेरिन देऊन काढलेल्या चित्रापेक्षा हे चित्र फिकं असणारच. त्यासाठी ट्रान्सफेरिन वाढवून फायदा नाही. तुमचे २५ मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ३०० नॅनोमोलर, आणि रिसेप्टरची पकड काही नॅनोमोलरची आहे. भरपूर आहे ते. खरं तर १० पुरे.

मग ठिपके कडेला का राहिले? दोन कारणं एकत्र आली असावीत. पहिलं, १५ ते २० अंशांच्या पट्ट्यात आत शिरणं चालू असतं, हळू का होईना, पण पुढची वाटणी अडते. उंदराच्या जातीतल्या रॅटच्या यकृतावर १९८० मध्ये डन, हबर्ड आणि अ‍ॅरॉनसन यांनी दाखवलं होतं की २० अंशांखाली असायलोग्लायकोप्रोटीन आत जातं, पण लायसोसोमपर्यंत पोहोचून पचत नाही. स्रवण्याच्या मार्गावरही असेच थांबे आहेत: १५ अंशांला माल ईआर आणि गॉल्जी यांच्या मध्ये अडकतो, २० अंशांला गॉल्जीच्या शेवटच्या जाळ्यात. तुमची प्लेट तापत असताना याच पट्ट्यातून सावकाश जात होती, तेव्हा माल कडेच्या सुरुवातीच्या एंडोसोममध्ये साठला.

दुसरं कारण मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतले माल वाहून नेण्याचे नळीसारखे रुळ. सस्तन पेशीत त्यांतले बहुतेक ४ अंशांला अर्ध्या तासात विरघळतात. ऊब मिळाली की काही मिनिटांत परत उभे राहतात, पण तोवर एंडोसोमला केंद्रकाकडे नेणारा रस्ताच नसतो. म्हणून थंड-गरम पद्धतीत पहिल्या पाच मिनिटांचं चित्र, सगळं अचूक केलं तरी, थोडं कडेचंच असतं. प्रश्न जर ‘माल कुठे जातो आणि किती वेळात’ असा असेल तर बर्फ पूर्ण टाळून दुसरा संच करा: ३७ वरच्या पेशींना २ मिनिटं गरम ट्रान्सफेरिन, लगेच गरम मीडियमने वॉश, आणि गरमच चेस (रंगीत ट्रान्सफेरिन काढून साध्या मीडियममध्ये पुढचा वेळ). दोन्ही संच जुळले तरच वेळेबद्दल दावा करा.

एवढ्याने चित्र सुधारेल, पण ‘वेग’ सांगायचा असेल तर आत किती याऐवजी आत भागिले पृष्ठभागावर किती, हे काढा. वायली आणि कनिंगहॅम यांची १९८२ पासूनची ही पद्धत. एकूण मोजायला एक संच आम्लाच्या वॉशशिवाय, आत मोजायला दुसरा वॉशसह, आणि दोन्हींतला फरक म्हणजे पृष्ठभाग. ऊब दिल्यापासून १, २, ३, ४, ५ मिनिटं. वेळेनुसार हे गुणोत्तर मांडलं की सुरुवातीला सरळ रेषा येते आणि तिचा उतार हाच अपटेकचा दर. एका काचेवर पेशी दाट, दुसरीवर विरळ, एकीत रिसेप्टर जास्त, अशा भानगडी या भागाकारात निघून जातात. पाच मिनिटांपुढे जाऊ नका, कारण रिसायकलिंग सुरू झालं की रेषा वाकते. ‘पृष्ठभाग’ अँटीबॉडीने मोजत असाल तर एक सूक्ष्म फरक लक्षात ठेवा: मान अरुंद झालेल्या पिटमध्ये अँटीबॉडी शिरत नाही, त्यामुळे अजून न तुटलेला पिटही ‘आत’ गणला जातो. आम्ल मात्र तिथे पोहोचतं.

तापमानांची मालिका करायची असेल (४, १०, १६, २०, २५, ३०, ३७) तर प्रत्येक तापमानाला वरचा उतार काढा. लॉगमध्ये मांडल्यावर रेषेत कुठेतरी मोड दिसेल, आणि ‘इथे लिपिड गोठलं’ असं लिहिण्याचा मोह होईल. तो आवरा. मोड लिपिडमुळे असू शकतो, डायनामिनमुळे, अ‍ॅक्टिनमुळे किंवा आणखी कशामुळे. नुसत्या त्या रेषेवरून कारण सांगता येत नाही.

हीच सावधगिरी नॅनोकण आणि पेप्टाइडवाल्यांनी जास्त बाळगायला हवी. ‘४ अंशांला शोषण कमी झालं, म्हणून एंडोसायटोसिस (पटल आत वळवून माल घेणं)’ असं वाक्य सर्रास लिहिलं जातं. थंडीने पटलाची पारगम्यताही कमी होते, कण चिकटण्याचा वेगही कमी होतो. उलट, फ्लो सायटोमेट्रीत ४ अंशांला नुसते पृष्ठभागावर चिकटलेले कण ‘शोषण’ म्हणून मोजले जातात. थंडीच्या जोडीला थंडी नसलेला एक कंट्रोल लागतोच: डायनॅसोर (dynasore, डायनामिन अडवणारं रसायन) ८० मायक्रोमोलर, सिरमविरहित मीडियममध्ये, कारण सिरम त्याला बांधून ठेवतं, किंवा त्याहून चांगलं, डायनामिनचा के४४ए हा निष्क्रिय प्रकार पेशीत घालून. तापमान उलट दिशेनेही वापरता येतं हे फळमाशीच्या ‘शिबिरे’ (shibire) या उत्परिवर्तित प्रकारात दिसतं. तिथे डायनामिनमध्येच बदल असल्याने २९-३० अंशांला अपटेक थांबतो, चेतापेशीतल्या पुटिका संपतात आणि माशी काही मिनिटांत लुळी पडते. तापमान खाली आणलं की उठते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि के. एस. कृष्णन यांनी अशाच तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माशांवर काम केलेलं आहे.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगतो. वरचे सगळे आकडे ३७ अंशांला वाढणाऱ्या सस्तन पेशींचे. एसएफ९ सारख्या कीटकपेशी २७ ला वाढतात. थंड पाण्यातल्या माशांच्या पेशींचं पटलच जास्त असंतृप्त लिपिडांचं असतं, तिथे ४ अंश म्हणजे थांबा असं गृहीत धरू नका, स्वतः मोजा. रिसेप्टर बदलला तरी गणित बदलतं. ईजीएफ बर्फावर चिकटला की रिसेप्टरवर फॉस्फेट लागायला बर्फावरच सुरुवात होते, म्हणजे आत जाणं थांबलं तरी संकेत थांबत नाही. त्याची मात्राही महत्त्वाची: १-२ नॅनोग्रॅम प्रति मिलीला तो मुख्यतः क्लॅथ्रिनच्या वाटेने जातो, २० च्या पुढे इतर वाटाही उघडतात. तरंगत्या पेशी वापरत असाल तर सेंट्रीफ्यूजचा रोटर आदल्या रात्री थंड करून ठेवा, गरम रोटरमध्ये ५ मिनिटं म्हणजे बर्फावरची सगळी मेहनत वाया.

फिक्सिंगही बर्फावर सुरू करा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, मग काच बाहेर काढून आणखी १५ मिनिटं. थंडीत ही रासायनिक क्रियाही मंद असते, म्हणून नुसती बर्फावर दहा मिनिटं पुरत नाहीत. नुसत्या पॅराफॉर्मल्डिहाइडनंतर पटलातली काही प्रथिनं थोडीफार हलतच राहतात. पुढे अँटीबॉडी लावून पुंजके मोजणार असाल तर ०.२ टक्के ग्लुटराल्डिहाइड सोबत घाला आणि नंतर ग्लायसिनने शिल्लक अल्डिहाइड मारा.

शेवटचा प्रश्न, दोन तास बर्फावर. चिकटण्यासाठी एवढ्या वेळाची गरज आहे का ते मात्रेवर ठरतं. थंडीत चिकटणं मंद होतं आणि सुटणं त्याहून मंद, त्यामुळे कमी मात्रेला, म्हणजे एक-दोन नॅनोमोलरला, समतोल यायला खरोखर काही तास लागतात. पकड किती हे मोजायचं असेल तर तेवढं थांबावंच लागेल. तुमच्या मात्रेला ३० ते ४५ मिनिटांत पृष्ठभाग भरतो. त्यापुढे मिळत काही नाही, आणि किंमत मात्र चढत जाते: पेशी गोल व्हायला लागतात, कडा सुटतात, ऊब दिल्यावर पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेतात. हेला तासभर सहन करतात. एचईके २९३ या दुसऱ्या मानवी पेशी तेवढंही करत नाहीत, वॉशच्या पहिल्या झटक्याला चादरीसारख्या उचलल्या जातात, त्यांच्यासाठी काचेला आधी पॉलिलायसिन लावा आणि पिपेट काचेच्या कडेने सोडा. तुमच्या संचासाठी ४० मिनिटं ठेवा, आणि वहीत ‘बर्फावर’ असं न लिहिता थर्मोकपलचा आकडा लिहा.